बांधाच्या भांडणात मध्ये पडायचं तर

भांडण मिटवायला निघण्याआधी एक विचारा: दोघांनीही बोलावलंय का? एकानंच बोलावलं असेल तर तुम्ही मध्यस्थ नाही, त्याचा माणूस. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा पहिला नियम हाच, दोन्ही बाजूंची संमती. दुसरा, कुणाची बाजू घ्यायची नाही. तिसरा, स्वतःचा बचाव आणि सोपवलेलं काम राखणं, एवढ्यापुरतंच बळ वापरायचं. काँगोत, गोमा शहरात, शांतिसेनेचं निळं हेल्मेट घालून मी हे शिकलो. पेन्शनीवर खानापूर तालुक्यात आलो, तेव्हापासून बांधांवर तेच वापरतोय.

गेल्या पावसाळ्यात भाताचा एक बांध फुटला. एका घरी मराठी, शेजारच्या घरी कन्नड. हातभर जमिनीवरून कोयते निघाले आणि तासाभरात गावानं गोष्ट भाषेवर नेली. आपल्या सीमाभागात हे फार लवकर होतं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून भांडण आधी बांधावर परत आणा.

लगेच समोरासमोर बसवू नका. मी दोन्ही घरी वेगवेगळा गेलो, सारखाच वेळ बसलो, दोन्हीकडे चहा घेतला. गाव हे मोजत असतं. ज्याचं ऐकलं त्याला त्याचंच म्हणणं परत सांगितलं, "असंच म्हणताय ना?" निकाल दिला नाही. मोजणी होईपर्यंत बांधापासून चार हात लांब राहायचं, एवढंच मागितलं. सुतळीचं एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. खुंट्या दोघांनीच ठोकल्या.

सायप्रस बेटावर ग्रीक आणि तुर्की बाजूंच्या मध्ये 1974 पासून असाच सोडलेला पट्टा आहे, सुमारे 180 किलोमीटर लांब. शांतिसेना तिथं 1964 मध्येच पोचली होती. आपल्या कोडगूचे जनरल थिमय्या तिचे प्रमुख होते. 1965 मध्ये तिथंच वारले. आजही त्या पट्ट्यात शेतकरी परवानगी घेऊन शेत कसतात. राजधानी निकोसिया दुभंगली, तरी सांडपाण्याची योजना दोन्ही बाजूंनी मिळूनच केली. घाण पाणी रेषा बघून थांबत नाही.

म्हणून दोघांनाही लागणारं एखादं काम आधी काढा. आमच्याकडे तो चर होता. तुंबला की दोन्ही शेतं बुडत. दोघं मिळून तो उपसायला लागले, तेव्हा कुठं बोलणं सुरू झालं.

ठरलं ते मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा, दोन्ही कागदांवर दोघांच्या सह्या घ्या. कुणाला इजा झाली असेल तर मात्र आधी दवाखाना आणि पोलीस, मध्यस्थी नंतर. आणि सह्या झाल्या म्हणून जाणं सोडू नका. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या बांधावरून एक चक्कर मारतो.