रबर मोटरची गाठ: हॉलवर जाण्याआधीची तयारी

हॉलमध्ये उडवायच्या छोट्या मॉडेल विमानाच्या बल्सावर (हलक्या लाकडावर) आणि कागदावर आपण आठवडे घालवतो, पण त्याच्या मोटरची, म्हणजे पीळ भरून प्रॉपेलर फिरवणाऱ्या रबराच्या लूपची, गाठ ऐनवेळी उभ्याउभ्या मारतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ती आदल्या संध्याकाळी, घरी बसून, चांगल्या उजेडात मारा.

आधी रबर पाहून घ्या. ते विमानासाठीचं पट्टीचं रबरच हवं. शिवणकामाच्या इलास्टिकमध्ये धागा विणलेला असतो, ते चालणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो आणि ऊन-उष्णता रबराला खाते. म्हणून रबर कधीही गाडीच्या डिकीत किंवा खिडकीपाशी राहू देऊ नका. हवा काढलेल्या पिशवीत घालून अंधाऱ्या कपाटात ठेवा. नव्या रबरावरची पांढरी पावडर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि पट्टी सावलीत वाळवा. मग ती बोटांतून सरकवत दोन्ही कडा तपासा. कडेला बारीकशी चीर दिसली तरी तेवढा तुकडा काढून टाका, कारण पीळ वाढला की रबर तिथूनच तुटतं.

मग वजन. हॉलमधल्या रबरी विमानांच्या आंतरराष्ट्रीय एफ-१-डी स्पर्धा गटात वंगणासकट मोटर ०.४ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. तुमचं विमान साधं असलं तरी प्रत्येक मोटरचं वजन आणि लांबी लिहून ठेवा, नाहीतर एक मोटर दुसरीपेक्षा जास्त वेळ का टिकली हे कळायला मार्ग उरत नाही. घरच्या काट्यावर एवढं हलकं वजन लागत नाही. जळगावात सराफांची काय कमी! ओळखीच्या पेढीवर विचारा, त्यांच्या काट्यावर काम होतं.

आता पट्टीची दोन टोकं जोडून लूप करणारी गाठ. वंगण अजून लावायचं नाही, तेलकट रबराची गाठ सुटते. दोन छोट्या ओ-रिंग (गोल कड्या) पट्टीत आधीच ओवून घ्या. पीळ भरलेली मोटर विमानाच्या पुढच्या-मागच्या हुकांवर चढवताना त्यांचाच आधार असतो. गाठीची जागा जिभेने ओली करा. ओलसर रबर एकमेकांवर घासत नाही आणि थुंकी वाळली की पकडही राहते. उजवं टोक डाव्यावरून घेऊन पहिला वेढा, मग तेच टोक, जे आता डावीकडे आलंय, उजव्यावरून घेऊन दुसरा. दोन्ही वेढे एकाच दिशेने पडले तर गाठ सरकते. मारल्यावर नीट पाहा: प्रत्येक टोक आपल्याच पट्टीला लगटून, तिच्याच बाजूने बाहेर आलेलं दिसलं पाहिजे.

आवळणं हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. चारही पट्ट्या, म्हणजे दोन टोकं आणि लूपच्या दोन बाजू, ताणून धरा आणि त्या ताणातच गाठ हळूहळू घट्ट करा. ताणलेलं रबर बारीक होतं. सोडलं की ते फुगून गाठीत घट्ट बसतं. न ताणता आवळलेली गाठ घट्ट वाटते, पण पीळ भरताना रबर बारीक झालं की ढिली पडते. झटका देऊ नका, नख लावू नका. टोकं तीन-चार मिलिमीटर ठेवून धारदार कात्रीने कापा.

गाठीकडच्या रिंगवर मार्करने ठिपका द्या. ही बाजू मागच्या हुकाला जाईल. गाठ मधोमध राहिली तर पीळ तिथे एकसारखा बसत नाही.

मग सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब बोटांवर घेऊन मोटरभर चोळा. एरंडेलही चालतं, पूर्वीचे लोक वापरत. ग्रीस, मशीनचं तेल, व्हॅसलिन मात्र नको, त्याने रबर खराब होतं. लांबीच्या चौपट ताणून मोटर दोनेक मिनिटं धरा, सोडा, विश्रांती द्या. इथे गाठ सुटली तर घरीच सुटली.

अशा किमान चार मोटरी करा. त्यातली एक तुटेपर्यंत पिळून पिळाचे वेढे मोजा, आणि उडवताना त्याच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांबा. पीळ भरताना डोळे सांभाळायला चष्मा लावा.

बाकी पिशवीत वाईंडर (पीळ भरायचं हातयंत्र), कात्री, तेल, चिमटा, वही. शाळेच्या हॉलवर किंवा मंगल कार्यालयात पोचलात की पंखे आणि कूलर बंद करायला लावा, आणि हवा स्थिर झाल्यावर पहिली मोटर अर्ध्याच पिळावर सोडा.