कुरळ्या केसांचं रूटीन फसतंय? आधी या चुका टाळा

आंघोळ करून बाहेर आलात, आरशात पाहिलंत आणि क्षणभर वाटलं, आज जमलं. ओल्या केसांच्या बटा छान वेटोळ्या, एकेक सुटी, चकाकणारी. अर्ध्या तासाने त्याच आरशात पिंजलेला कापूस. कुरळे केस असलेल्या प्रत्येकाला हा अर्धा तास ठाऊक असतो, आणि बहुतेक जण त्यावर एकच उपाय करतात: नवी बाटली आणतात. मीही आणल्या. कपाटाचा एक खण भरला, केस होते तसेच राहिले.

घोळ खरं तर त्या अर्ध्या तासातच होतो. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस सुकताना पुन्हा जुळतात. ज्या आकारात केस सुकला, तो आकार तो पुढच्या वेळी भिजेपर्यंत धरून ठेवू पाहतो. दमट हवेत केस फुगतात ते याच कारणाने, हवेतलं पाणी ते बंध पुन्हा ढिले करतं. म्हणजे केस ओले असताना तुम्ही त्यांच्याशी कसं वागता, यावर दिवसभराचं रूप ठरतं. खाली ज्या चुका सांगणार आहे त्यातल्या निम्म्या इथल्याच आहेत, आणि त्या सुधारायला पैसे लागत नाहीत.

कोरड्या केसांत ब्रश फिरवणं

कितीतरी वर्षं मी रोज सकाळी कोरडे केस ब्रशने विंचरायचे. जितकं विंचरावं तितके फुगायचे, मग पाण्याचा हात लावून घट्ट बांधायचे, आणि "माझे केस हट्टीच आहेत" असं सगळ्यांना सांगायचे. केस बिचारे सरळ वागत होते, म्हणजे कुरळे वागत होते. शेजारशेजारचे केस एका लयीत वळतात तेव्हा बट तयार होते. कोरड्यात ब्रश फिरवला की ती बट उसवते आणि प्रत्येक केस आपापल्या वाटेने जातो. त्यालाच आपण फ्रिझ म्हणतो.

गुंता काढायचा तो धुताना, केसांत भरपूर कंडिशनर असताना. बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकापासून सुरुवात करून हळूहळू वर. गाठ लागली की कंगवा थांबवा, गाठीच्या वरच्या बाजूला बट चिमटीत घट्ट धरा म्हणजे मुळाला ओढ बसणार नाही, आणि गाठ खालून मोकळी करा. ओला केस रबरासारखा ताणला जातो पण कोरड्या केसापेक्षा लवकर तुटतो, म्हणून कंडिशनरचा तो बुळबुळीतपणा हवाच.

इथे एक भीती मधेच दूर करते. माणसाचे दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळतात. सरळ केसांतून ते रोज कंगव्यात येतात. कुरळ्या केसांत ते बटेतच अडकून राहतात आणि चार दिवसांनी धुताना एकदम मूठभर हाती येतात. तो चार दिवसांचा हिशेब असतो, टक्कल नव्हे. मात्र एकाच जागी गोल चकती पडली, भांग रुंद होत चालला किंवा टाळू दुखत असेल, तर रूटीन बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

टॉवेलने खसाखसा पुसणं, आणि मग क्रीम लावणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. जाडाभरड्या टॉवेलने घासलं की ते उचकटतात, बटा फुटतात, आणि केस अर्धवट सुकल्यावर आपण त्यावर लीव्ह-इन (धुऊन न टाकता केसांतच ठेवायचं कंडिशनर), क्रीम, जेल लावायला बसतो. तोवर फ्रिझ बसून गेलेली असते. आता जेल लावलं तर ते फ्रिझलाच पक्कं करतं.

उलट करून बघा. केसांतून पाणी निथळत असतानाच, तिथेच उभं राहून, आधी थोडं लीव्ह-इन आणि मग जेल. केसांचे चार भाग करा. जेल दोन्ही तळव्यांवर पसरा, हात जोडल्यासारखी बट दोन तळव्यांत धरा आणि वरून खाली सरकवा. मग डोकं एका बाजूला कलवून टोकं ओंजळीत घ्या आणि मुळाकडे नेत दाबा. यालाच स्क्रंच करणं म्हणतात. दाबताना चपचप असा ओला आवाज आला पाहिजे. आवाज येत नसेल तर पाणी कमी पडलंय, जेल नाही. ओंजळभर पाणी घ्या, पुन्हा दाबा. हा आवाज ऐकायला शिकले त्या दिवशी माझं निम्मं जेल वाचलं.

जास्तीचं पाणी मग जुन्या सुती टी-शर्टने किंवा मायक्रोफायबरच्या कापडाने टिपायचं. घासायचं नाही, फक्त दाबून सोडायचं. त्यानंतर केस पूर्ण सुकेपर्यंत हात मागे. हे लिहायला सोपं, पाळायला भयंकर अवघड. घाई असेल तर हेअर ड्रायरला डिफ्यूझर, म्हणजे हवा पसरवणारं भोकाभोकांचं वाडग्यासारखं तोंड, लावा, हवा मंद आणि उष्णता कमी ठेवा, बटा त्या भांड्यात नुसत्या टेकवा.

सुकल्यावर केस कडक, वाळलेल्या नूडल्ससारखे लागतील. इथे पुष्कळ जण घाबरतात आणि जेलच टाकून देतात. पण हे कवच हवं असतं, आतली बट हलू न देता त्यानेच सुकवलेली असते. केस शंभर टक्के सुकले की ओंजळीत घेऊन हलके चुरगळा. कवच फुटतं, बट मऊ होते, आकार राहतो. जरा ओले असतानाच कवच फोडलं तर मात्र सगळी मेहनत पाण्यात.

शॅम्पूचा अतिरेक, आणि शॅम्पूशी कट्टी

कुरळ्या केसांत टाळूवरचं तेल वळणावळणाने टोकापर्यंत पोचत नाही. मुळाशी तेलकट, टोकाशी कोरडं, असा हा प्रकार. त्यामुळे रोज कडक शॅम्पू केला तर टोकं आणखी रापतात. हे कळलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मीही गेले. दोन महिने शॅम्पूला हात लावला नाही, नुसत्या कंडिशनरने धूत राहिले. पहिले तीन आठवडे केस रेशमी. मग खाज, कोंड्यासारखे पापुद्रे, आणि बटा अशा मलूल की ओल्या केल्या तरी उठेनात. आगीतून फुफाट्यात.

टाळू ही त्वचा आहे, तिला घाम येतो, तेल सुटतं, ती धुवावी लागते. आठवड्यातून एकदा-दोनदा सौम्य शॅम्पू, तो फक्त टाळूवर, बोटांच्या पेरांनी. फेस खाली वाहत जातो तेवढा केसांच्या लांबीला पुरे. कंडिशनर याच्या उलट, कानाच्या खालच्या लांबीला भरपूर आणि टाळूला जवळपास नाहीच.

बाटलीवरच्या 'सल्फेट-फ्री' (म्हणजे सल्फेट हे कडक धुणारे घटक नसलेला) एवढ्या शब्दावर विसंबू नका. सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट हा घटक सल्फेट नाही, पण धुवायला चांगलाच जोरकस आहे. केस गुळगुळीत करणाऱ्या सिलिकोनचंही तसंच. त्यातलं डायमेथिकोन पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसत्या कंडिशनरने धुणाऱ्यांच्या केसांवर त्याचे थर साचतात. नियमित शॅम्पू करणाऱ्याला त्याचा बाऊ करायचं कारण नाही. बाटलीच्या मागची यादी वाचून घाम फुटण्यापेक्षा आपण किती वेळा आणि कशाने धुतो ते आधी बघावं.

केस अचानक कशालाच दाद देईनासे झाले, मेणचट लागायला लागले, तर ते बहुधा बिल्डअप, म्हणजे लावलेल्या गोष्टींचे साचलेले थर, असतं. हे थर काढणाऱ्या क्लॅरिफाइंग शॅम्पूने एकदा स्वच्छ धुवा, लगेच भरपूर कंडिशनर लावा. महिन्यातून एकदा एवढं पुष्कळांना पुरतं. पाणी जड असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात. ते साध्या शॅम्पूने नीट निघत नाहीत, त्यासाठी ईडीटीएसारखा क्षार पकडणारा घटक असलेला चीलेटिंग शॅम्पू लागतो. आणि कृपा करून खाण्याचा सोडा डोक्यावर चोळू नका. केस आणि टाळूला किंचित आम्लधर्मी वातावरण मानवतं, सोडा त्याच्या नेमका उलट.

तेलाला ओलावा समजणं

कोरड्या केसांवर तेल थापलं की ते चकाकतात, म्हणून ओलावा मिळाला असं वाटतं. तेलात पाणी नसतं. ते फार तर आत असलेलं पाणी टिकवायला मदत करतं. खोबरेल तेलाचा खरा उपयोग धुण्याआधी होतो. ते केसाच्या आत शिरू शकतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. पण ते केसांच्या लांबीला लावा. डोक्यात कोंडा असेल तर टाळूवर तेल जिरवत बसू नका, कोंड्यामागची मॅलासेझिया नावाची बुरशी तेलावरच जगते.

चाचण्या आणि तक्त्यांत अडकणं

केस किती पाणी शोषतो हे ओळखायला तो पेल्यातल्या पाण्यात टाकून बुडतो की तरंगतो हे बघायची चाचणी तुम्ही केली असेलच. मीही केली, एकाच डोक्यावरच्या तीन केसांनी तीन निकाल दिले. केसावरचं तेल आणि पाण्याचा पृष्ठताण एवढ्यानेही निकाल बदलतो. तक्त्यांतले २ए (हलकी लाट) ते ४सी (अगदी घट्ट वळणं) हे प्रकारही बटेचा आकार सांगतात, बाकी काही नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी बघा. एक केस बोटांत धरून जाड लागतो की जेमतेम जाणवतो? धुतल्यावर सुकायला किती वेळ लागतो? केस बारीक असेल तर जड क्रीम आणि शिया बटरसारखे घट्ट स्निग्ध लेप त्याला झोपवतात, जेल किंवा हलका फोम बरा. भराभर पाणी पिणारे आणि भराभर सुकणारे केस बहुधा रंगाने, ब्लीचने किंवा उष्णतेने झिजलेले असतात, त्यांना जास्त कंडिशनिंग लागतं.

प्रोटीनचंही असंच. ओला केस हलकाच ताणून बघा. चिकट लांबत जाऊन परत येत नसेल तर प्रोटीन ट्रीटमेंट (प्रथिनं असलेला लेप) करून बघायला हरकत नाही. जराही न ताणता कट्कन तुटत असेल आणि काड्यांसारखा लागत असेल तर काही आठवडे प्रोटीन थांबवा. हा ढोबळ अंदाज आहे, प्रयोगशाळेतला अहवाल नाही.

लक्षण बघून कारण शोधा

जेल सुकल्यावर पांढरे कण दिसतात? लीव्ह-इन आणि जेलचं आपसात पटत नसेल. दोन्हीचा थेंबथेंब तळहातावर घेऊन चोळा. दाण्यांसारख्या गुठळ्या झाल्या तर त्यातलं एक बदला. मिश्रण एकजीव राहिलं तर केसांवर माल जास्त झालाय.

वरचा थर विस्कटलेला आणि आतल्या बटा सुरेख? वरच्या थराला ऊन, वारा आणि आपला हात सगळ्यात जास्त लागतो, आणि जेल सगळ्यात कमी, कारण शेवटी तिथे पोचेस्तोवर तळव्यावर काही उरत नाही. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा.

मुळाशी चपटे, खाली फुगलेले? मुळाजवळ क्रीम लावणं थांबवा, सुकताना डोकं अधूनमधून दुसऱ्या बाजूला कलवा.

पहिला दिवस छान, दुसऱ्या दिवशी एक बाजू सपाट? ती झोपायची कूस. सॅटिनचा अभ्रा घ्या किंवा केस डोक्यावर सैल गोळा करून बांधा. घट्ट नको, रोजच्या ओढीने कपाळाकडचे केस कायमचे जाऊ शकतात. सकाळी सगळं डोकं धुवायची गरज नाही, बिघडलेल्या चार बटा ओल्या हाताने भिजवून बोटाभोवती गुंडाळा.

आणि सगळं करूनही पुढच्या दोन-तीन बटा सरळ लोंबतात? तिथे स्ट्रेटनर फिरलेला असतो. जास्त उष्णतेने केराटिनचीच मोडतोड होते, ओल्या केसावर तापलेली पट्टी दाबली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात चक्क बुडबुडे तयार होतात. ती वळणं कुठल्याही मास्कने परत येत नाहीत.

सुरुवात तीनच गोष्टींनी करा: सौम्य शॅम्पू, कंडिशनर, जेल. लीव्ह-इन, मास्क, प्रोटीन नंतर, आणि एका वेळी एकच नवीन गोष्ट, निदान तीन-चार धुण्यांपर्यंत. एकाच दिवशी शॅम्पू, क्रीम आणि टॉवेल तिन्ही बदलले तर केस सुधारले कशाने आणि बिघडले कशाने, हे कळणारच नाही. जळलेली टोकं मात्र कापावी लागतील. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे मन घट्ट करून एकदम कापा किंवा दर दोन महिन्यांनी थोडी थोडी. कापताना केस कोरडे आणि आपल्या वळणात असू द्या. ओली बट खांद्यापर्यंत दिसते, सुकली की कानाशी येऊन बसते, आणि तोवर कात्री चालून गेलेली असते.