नोरा अभ्यासायला घेताना

एम. ए.ला नाटक हा विषय घेतलेला विद्यार्थी नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या 'ए डॉल्स हाउस'पाशी येतो तेव्हा शेवट त्याला आधीच ठाऊक असतो. नोरा नवऱ्याला आणि तीन मुलांना सोडून निघते, खालून दार लागल्याचा आवाज येतो आणि पडदा पडतो. मग पहिले दोन अंक त्या दारापर्यंत पोहोचायचं म्हणून भराभर उरकले जातात. माझा अभ्यास याच नाटकावर आणि त्याच्या आसपासच्या नाटकांवर झाला. आता नव्याने विषय घेणारी मुलंमुली विचारायला येतात, त्यांना मी पहिल्यांदा एवढंच सांगते: दार राहू द्या, आधी पैसे मोजा.

नोरा नाताळची खरेदी करून घरी येते आणि थोड्याच वेळात तिचा नवरा तोरवाल्ड पैशाचं पाकीट काढतो. कोण देतं, कोण मागतं, मागताना आवाज कसा बदलतो, हे वहीत उतरवून काढा. पुढे जुनी मैत्रीण क्रिस्टीन येते आणि कर्जाची गोष्ट उघड होते. नवऱ्याची तब्येत सुधारावी म्हणून इटलीला जायला नोराने त्याच्या नकळत १,२०० स्पेसीडालर, म्हणजे ४,८०० क्रोनर उभे केलेले असतात. तो समजतो, सासऱ्यांनी दिले. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढताच येत नाही, हे क्रिस्टीनच बोलून दाखवते. नोरा स्वतःच्या कपड्यांच्या पैशातून काटकसर करून हप्ते भरते आणि एका हिवाळ्यात खोलीचं दार लावून रात्री उशिरापर्यंत कागदांच्या नकला उतरवण्याचं काम करते. फार दमायला व्हायचं, पण बसून काम करण्यात, पैसे मिळवण्यात गंमत होती, जवळजवळ पुरुष असल्यासारखं वाटायचं, असं ती मैत्रिणीला सांगते. शेवटच्या प्रवेशातल्या गाजलेल्या संवादांइतकंच हे बोलणं मला मोलाचं वाटतं. घर सोडण्याचं बळ तिला एका रात्रीत येत नाही. स्वतःच्या कमाईची चव तिने आधीच घेतलेली असते, फक्त ती कोणाला सांगायची सोय नसते.

मग सहीकडे या. कर्जाला वडील जामीन हवेत आणि ते मरणाच्या दारात आहेत. नोरा त्यांच्या नावाने स्वतःच सही करते. वडील वारतात २९ सप्टेंबरला, सहीखाली तारीख पडते २ ऑक्टोबरची. सावकार क्रोगस्टाड नेमकं तिथे बोट ठेवतो आणि सांगतो की कायदा हेतू विचारत नाही. असा कायदा वाईटच असला पाहिजे, असं नोरा म्हणते. वर्गात हे वाक्य तिच्या भाबडेपणाचा पुरावा म्हणून सांगितलं जातं. मला ते तसं वाटत नाही. ऑक्टोबर १८७८ मध्ये रोममध्ये इब्सेनने या नाटकासाठी टिपणं केली होती. त्यांत त्याने लिहून ठेवलंय की व्यवहारात बाईला पुरुषाच्या कायद्याने जोखलं जातं, जणू ती बाई नाहीच. नोराचा प्रश्न त्या टिपणातूनच उगवलेला आहे.

तिसरी वस्तू टपालपेटी. तिची किल्ली फक्त तोरवाल्डकडे. तिचं गुपित फोडणारं क्रोगस्टाडचं पत्र आत पडलेलं काचेतून दिसतंय, आणि घरची मालकीण म्हणवणाऱ्या बाईला ते काढता येत नाही. केसातल्या पिनेने कुलूप उघडायचा प्रयत्न होतो, पिन मोडते. पैसा, सही, किल्ली या तीन गोष्टींचा माग काढत नाटक पुन्हा वाचलंत, की 'व्यक्तिस्वातंत्र्य' हा शब्द निबंधात लिहिताना त्याला जमीन मिळते.

यासाठी नाटकाशेजारी कायद्याचा तक्ता हवाच. एका कागदावर पुढच्या नोंदी करा. नॉर्वेत १८६३ साली अविवाहित प्रौढ स्त्रिया कायद्याने सज्ञान ठरल्या. विवाहितेला तो दर्जा आणि स्वतःच्या कमाईवरचा हक्क मिळायला १८८८ उजाडलं. नाटक १८७९चं, म्हणजे बरोबर मधल्या काळातलं. १८८४ साली विवाहितांना स्वतंत्र मालमत्तेचा हक्क मिळावा या मागणीच्या अर्जावर ब्यर्नसन आणि इतर लेखकांबरोबर इब्सेननेही सही केली. १८९८ साली मात्र स्त्रीहक्क संघाच्या समारंभात त्याने सांगितलं की आपण चळवळीसाठी म्हणून जाणीवपूर्वक लिहिलेलं नाही, आपला प्रश्न माणसांचा होता. तोंडी परीक्षेत 'हे नाटक स्त्रीवादी म्हणायचं का?' हा प्रश्न हमखास येतो. त्या वेळी १८८४ आणि १८९८ दोन्ही टेबलावर ठेवा. सोयीचं तेवढं सांगणारं उत्तर परीक्षकांना लगेच कळतं.

तिसरा अंक एकट्याने मनात वाचू नका. चारपाच जण जमा आणि मोठ्याने वाचा. आम्ही तसं वाचन करायचो, आणि तोरवाल्डचे संवाद म्हणणारा मुलगा हळूहळू अस्वस्थ होत गेलेला मी पाहिलाय, कारण माणूस खलनायक नाही. तो प्रेमळ आहे, कर्तव्यदक्ष आहे, बायकोला चिमणीपाखरांची नावं देतो. पत्र वाचल्यावर तोच तिला मुलं वाढवायला नालायक ठरवतो, पण लोकांसमोर संसार होता तसाच दिसला पाहिजे म्हणतो. इतक्यात क्रोगस्टाड कर्जाचा कागद परत पाठवतो, आणि तोरवाल्डच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो स्वतः बचावल्याचा. 'आणि मी?' असं नोराला विचारावं लागतं. या एका क्षणावर पानभर लिहा. आठ वर्षांच्या संसारात दोघं पहिल्यांदाच गंभीरपणे बोलायला बसतात ते यानंतर, आणि तोवर तिने मेजवानीतल्या नाचाचा पोशाख उतरवून रोजचे कपडे घातलेले असतात.

त्या काळातला विरोधही वाचायलाच हवा. जर्मनीत हेडविग नीमान-राबे या अभिनेत्रीने मुलांना सोडून जाणारी नोरा करायला नकार दिला. दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून इब्सेनने वेगळा शेवट लिहून दिला: झोपलेली मुलं पाहून नोरा दाराशी कोसळते आणि राहते. त्या शेवटाला त्याने स्वतःच नाटकावरचा अत्याचार म्हटलं. स्वीडिश लेखक स्ट्रिंडबर्गने १८८४ साली याच नावाची कथा लिहून उलटा हल्ला चढवला. नोरानंतर 'घोस्ट्स'मध्ये (१८८१) इब्सेनने घर सोडून पुन्हा परत येऊन राहिलेली बायको दाखवली, 'द लेडी फ्रॉम द सी'मध्ये (१८८८) नवऱ्याने मोकळं केल्यावर स्वतःहून राहणारी. हे तिन्ही शेवट एकत्र मांडल्याशिवाय फक्त नोरावर निष्कर्ष काढू नका. इब्सेनचंच 'हेडा गाब्लर' सगळ्यांत शेवटी घ्या, ते अवघड आहे.

मराठीत काम करायचं असेल तर वाट तयार आहे. अनंत काणेकरांचं 'घरकुल' हे 'ए डॉल्स हाउस'चंच रूपांतर. नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने १९३३ साली रंगमंचावर आणलेलं वर्तकांचं 'आंधळ्यांची शाळा' ब्यर्नसनच्या १८८३च्या 'अ गॉन्टलेट'वर बेतलेलं आहे. मूळ नाटकात स्वावा आपल्या भावी नवऱ्याचं पूर्वीचं प्रकरण कळल्यावर लग्नाला नकार देते. मुलीकडून अपेक्षित असलेलं चारित्र्य मुलाकडून का नको, हा तिचा सवाल आहे. मूळ आणि रूपांतर प्रवेशागणिक शेजारी ठेवून वाचा. सुरुवातीचा आठवडा नुसती टिपणं काढण्यात गेला तरी चालेल, मतं नंतर येतात.

आणि विषय सापडत नसेल तर नोराच्या घरातल्या ॲन-मारीकडे बघा. या दाईने नोराला सांभाळायची नोकरी मिळावी म्हणून स्वतःची मुलगी परक्यांच्या हवाली केली होती. नोरा जाते तेव्हा तिची मुलंही याच बाईच्या हाती राहतात. स्वातंत्र्याचा एवढा मोठा निर्णय ज्या पगारी बाईच्या भरवशावर घेतला जातो, तिला नाटकात मोजकेच संवाद आहेत. ते सगळे एका जागी उतरवून काढा आणि मार्गदर्शकांना दाखवा. त्यातून एक चांगला लघुशोधप्रबंध उभा राहू शकतो.