बल्ब घेताना या चुका टाळा

"दादा, हल्लीचे बल्ब टिकतच नाहीत." वायरमनचं काम करताना हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. बल्ब हातात घेण्याआधी तो कुठे बसवला होता ते मी बघतो. निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते चहूबाजूंनी बंद असलेल्या काचेच्या गोळ्यात 12 किंवा 15 वॅटचा एलईडी कोंबणं. जुन्या तारेच्या बल्बला उष्णतेचं वावडं नव्हतं. एलईडीच्या बुडाशी मात्र ड्रायव्हर असतो, घरातल्या 230 व्होल्टचं डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) करणारं छोटं सर्किट. उलट्या टांगलेल्या बल्बची गरम हवा वर चढते ती नेमकी याच भागाशी कोंडते. आतला कपॅसिटर नावाचा भाग सुकत जातो, बल्ब आधी लुकलुकतो आणि मग जातो. अशा जागी मी 7 वॅटच्या वर जात नाही. उजेड कमी पडला तर दुसरा पॉइंट काढतो.

आता देवघरातल्या बल्बची गोष्ट. एका काकूंकडे बटण बंद केलं तरी बल्ब रात्रभर मिणमिणायचा. महिन्याभरात त्यांनी तीन बल्ब बदलले होते, दर वेळी आधीपेक्षा महागाचा. मी बटण बंद ठेवून, बल्ब काढून होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला! कुणीतरी घाईत बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) जोडलं होतं. म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज होतीच, आणि काकू दर शुक्रवारी स्टुलावर चढून ओल्या फडक्यानं तो बल्ब पुसत होत्या. आजही आठवलं की काटा येतो. वायर जागेवर आणायला मला दहा मिनिटं लागली.

कधीकधी बटणातल्या लाल इंडिकेटरमुळेही एलईडी असा मिणमिणतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण कारण कुठलं हे तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून असं दिसलं की नवा बल्ब आणू नका, वायरमन बोलवा. आणि बल्ब बदलताना नुसत्या बटणावर विसंबू नका, एमसीबी (मुख्य पेटीतला खटका) खाली पाडा. मी स्वतःच्या घरातही तेच करतो.

वॅट बघून उजेड ठरवू नका. 2015 मध्ये सरकारची उजाला योजना आली, 9 वॅटचे एलईडी घरोघर गेले आणि लोकांच्या डोक्यात नऊचा आकडा पक्का बसला. खोक्यावर लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, वाचा. जुना 60 वॅटचा बल्ब साधारण 700 ते 800 लुमेन द्यायचा, त्यावरून अंदाज बांधा.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. सगळ्या घरात 6500 केल्विनचा पांढराफटक उजेड लावणं मला अजिबात पटत नाही. झोपायच्या खोलीत 2700 ते 3000, ओट्यावर 4000, आणि एका खोलीत दोन रंग नकोत.

आरशाजवळ सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 चा बल्ब घ्या, नाहीतर साडीचा रंग घरात एक आणि बाहेर दुसरा दिसेल.

डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) असेल तर खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेलाच बल्ब.

होल्डर पिनचा की आट्याचा, हे घरून बघून जा.

नवीन घर लागलं की लोक एकदम वीस बल्ब उचलतात. एवढी घाई कशाला? मी आधी एकच आणून दोन संध्याकाळी लावून बघतो. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरतो, पडद्यावर काळे पट्टे जोरात सरकले तर तो अभ्यासाच्या टेबलावर लावत नाही. पसंत पडला की बाकीचे आणतो आणि प्रत्येकाच्या बुडाशी मार्करनं तारीख लिहून बिल मीटरच्या पेटीत ठेवतो. वॉरंटीत बल्ब गेला की दुकानदार पहिल्यांदा तेच मागतो.