ओटीपोटाचा शेक चालू असताना पोट कसं सांभाळायचं

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असो, प्रोस्टेटचा असो नाहीतर संडासच्या जागेचा, शेक म्हणजे रेडिएशन ओटीपोटावरच देतात आणि आतडी तिथंच असतात, त्यामुळं पोट बिघडू शकतं हे धरूनच तयारी करा. माझ्या मोठ्या जाऊबाईंचा शेक झाला तेव्हा सोबत मीच होते, तेव्हापासून नात्यातल्या, गावातल्या बायकांचे फोन येतात, "जुलाब व्हायलेत, काय करू?" म्हणून. तेच सगळं इथं लिहितेय. डॉक्टर सांगतील ते आधी, माझं नंतर. पण एक गोष्ट मी ठासून सांगणार, जुलाब सुरू झाले की लाजू नका, त्याच दिवशी सांगा, कारण न सांगता घरी बसलेला पेशंट शेवटी शेकच सोडतो, आणि आपल्याकडं खरं नुकसान तिथं होतं.

आधी हे का होतं ते समजून घ्या. शेक रोज थोडा थोडा असतो, आठवड्यातले पाच दिवस, असे बहुतेकांचे पाचेक आठवडे. आतड्याच्या आतलं अस्तर दर काही दिवसांनी नवीन येत असतं, शेकानं ते नवीन येणं मंदावतं आणि तोंड आल्यावर जसं आतून सोललेलं असतं तसं आतडं होतं. मग पाणी नीट शोषलं जात नाही, दुधातली साखर पचत नाही, पित्त परत शोषलं जायचं ते खाली मोठ्या आतड्यात उतरतं आणि ढाळ लागते. पहिल्या आठवड्यात बहुतेक काहीच जाणवत नाही, माणसं म्हणतात आम्हाला काही त्रास नाही बगा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, पोटात मुरडा, गॅस, घाईची लागणं, आव पडणं, जाऊन आलं तरी पुन्हा लागल्यासारखं वाटणं. शेवटच्या आठवड्यात आणि शेक संपल्यावर एक-दोन आठवडे जोर जास्त असतो, नंतर हळूहळू उतरतं. म्हणजे शेक संपला त्याच दिवशी पोट बरं होईल असं धरू नका, पण असंच राहणार म्हणून घाबरूही नका.

हे कुणाला लागत नाही. मशीनच्या शेकानं माणसाच्या अंगात काही उरत नाही, ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, संडास वेगळा लागत नाही, नातवंडं मांडीवर घेतली तर चालतं. बाईला आधीच दुखणं, त्यात घरच्यांनी कोपऱ्यात अंथरूण टाकून द्यायचं, असं कृपा करून करू नका.

पहिलं काम, एक साधी वही करा. शेक सुरू व्हायच्या आधी दिवसाला किती वेळा जावं लागतं ते पहिल्या पानावर लिहा, पुढची सगळी मोजणी त्यावरून होते. मग रोज एक-दोन ओळी. आमच्या वहीत असं असायचं: "मंगळवार. सकाळी 2, दुपारी 3 पातळ, रात्री 2 दा उठल्या. आव होती, रक्त नाही. लघवी ठीक. दुपारी शेंगदाण्याची चटणी खाल्ली." एवढंच. आठवड्याच्या तपासणीला डॉक्टर विचारतात त्रास आहे का, आणि आपल्या बायका मान खाली घालून "थोडं थोडं" म्हणतात, बाहेर गर्दी असते, डॉक्टर पुढचा केसपेपर घेतात. वही पुढं केली की बोलायची गरजच पडत नाही. नेहमीपेक्षा चार ते सहा वेळा जास्त जावं लागायलं तर तपासणीच्या दिवसाची वाट बघू नका, दुसऱ्या दिवशी शेकाला जाल तेव्हा टेक्निशियनला नाहीतर सिस्टरला सांगा. सात किंवा त्याहून जास्त वेळा वाढलं तर ॲडमिट करून सलाईन लावायची वेळ आलेली असते.

आता पाणी. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहितीय, त्यात ढाळ लागली की माणूस दोन दिवसांत सुकतो. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला शेकाबरोबर बहुतेक वेळा आठवड्याला सिसप्लॅटिनची केमो असते, ती किडनीवर येते, त्यात अंगात पाणी कमी म्हणजे किडनीला दुहेरी मार. हे मी मुद्दाम सांगतेय कारण कित्येक जण जुलाब कमी व्हावेत म्हणून पाणीच कमी पितात, ते अगदी उलटं आहे. दिवसभर घोट घोट चालू ठेवा, हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस. पुडीवर किती पाण्यात टाकायचं ते लिहिलेलं असतं, लहान पुडी ग्लासभर पाण्याची असते आणि मोठी लिटरची, तेवढ्याच पाण्यात करा, अर्धी पुडी आज अर्धी उद्या असं नको. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, इतकंच. मीठ वाढवू नका. टँकरचं पाणी असेल तर उकळल्याशिवाय पेशंटला देऊच नका. लघवी गडद पिवळी झाली, कमी झाली, तर पाणी कमी पडतंय.

खाण्याचं थोडं सविस्तर सांगते, घरात सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. पहिल्या दिवसापासून भाकरी बंद, भाजी बंद, नुसता भात असं करू नका, त्यानं ताकद जाते आणि फायदा काही नाही. पोट ठीक आहे तोवर नेहमीचं साधं जेवण, फक्त ठेचा आणि काळ्या मसाल्याचा झणका कमी. पातळ व्हायला लागलं की मग बदल करायचा. ज्वारीची भाकरी, मटकी, हरभरा, मेथी, अंबाडी, कच्ची कोशिंबीर, शेंगदाणे, हे तेवढ्यापुरतं बाजूला ठेवायचं. त्याजागी मऊ भात, मुगाच्या डाळीचं सालाशिवायचं वरण, मऊ खिचडी, रव्याचा उपमा, इडली, उकडलेला बटाटा, साल काढून शिजवलेला दुधी, पिकलेलं केळं. भात नेहमीपेक्षा दुप्पट पाण्यात शिजवायचा, रवीनं घोटायचा, मीठ आणि चिमूटभर जिरंपूड टाकायची, वर एखादाच थेंब तूप. जाऊबाईंना तोंडाला चव नसायची, त्यांना हीच पेज कोमट करून वाटीनं पाजली की दोन वाट्या जायच्या, ताटात भात वाढला की दोन घास. थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या, पोटभर एकदम नको.

प्रोटीन सोडू नका, अंडं उकडून, चालत असेल त्यांना बिनतिखटाची मासळी किंवा चिकनचं पाणी आणि मऊ तुकडे, नाहीतर वरण आणि घरचं दही. दुधानं बऱ्याच जणांना गॅस आणि जुलाब वाढतात, चहातलं कमी करून बघा, दही-ताक मात्र बहुतेकांना सोसतं, ताक पातळ आणि ताजं करा, आंबट नको. चहा दिवसाला कपभर ठीक आहे, सारखा सारखा चहा आतड्याला पळवतो. बिडी-सिगरेट बंदच, धूम्रपान करणाऱ्यांना शेकाचा आतड्यावरचा त्रास जास्त होतो. तंबाखू, मिश्रीसुद्धा सोडायची हीच वेळ, सुटत नसेल तर लपवू नका, दवाखान्यात सांगा.

भेटायला येणारे जालन्याची मोसंबी आणतात, बीडकडचे पाहुणे सीताफळं आणतात, माया असते त्यात, पण जुलाब चालू असताना ग्लासभर मोसंबीचा रस पाजू नका, गाड्यावरचा बर्फाचा तर नाहीच. पाहुण्यांना घेऊ द्या, पेशंटला केळं द्या. आणि उपवास. एकादशी, नवरात्र, रोजे, कुठलाच उपवास या पाच-सहा आठवड्यांत धरू नका. साबुदाण्याची खिचडी म्हणजे तेल आणि शेंगदाणेच, ती पोटाला लई जड जाते. मन मानत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या नावानं उपवास धरावा, आमच्याकडं सासूबाईंनी धरला.

औषधाचं. जुलाब थांबवायची गोळी, लोपेरामाइड, हॉस्पिटलातून लिहून देतात, मेडिकलमधून मनानं आणू नका, कारण ताप असेल, रक्त पडत असेल, इन्फेक्शन असेल तर ती गोळी धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांनी दिली तर किती आणि दिवसात जास्तीत जास्त किती हे लिहून घ्या. जेवणाआधी अर्धा तास घेतली तर बरी लागू पडते, कारण जेवलं की आतडं हलतं, हेही डॉक्टरांना विचारून ठरवा. इसबगोल कुणाला चालतं कुणाला नाही, विचारूनच. त्रिफळा, एरंडेल, गावठी काढा, "पोट साफ करायचं" कुठलंही चूर्ण, यातलं काहीच नको. एनिमा किंवा संडासच्या जागेत ठेवायची गोळीही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. काहींना उलट बद्धकोष्ठ होतं, उलटीच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांनी, तेही सांगा, कुंथत बसू नका.

शेकाच्या आधी पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगतात ना, ते उगीच नसतं. लघवीची पिशवी भरलेली असली की लहान आतडं वर सरकतं आणि शेकाच्या वाटेतून बाजूला होतं. म्हणून सांगितलं तेवढंच पाणी, सांगितल्या वेळीच, रोज सारखं. आधी संडासला जाऊन या म्हणतात त्याचंही तसंच, तिथं गॅस किंवा मळ भरलेला असला की आतल्या जागा सरकतात. लघवी धरवत नसेल, तर टेबलावर चढायच्या आधी सांगा, गपचूप जाऊन येऊन पडू नका.

सारखं जाऊन जागा सोलवटते. साबण नको, डेटॉलचं पाणी तर अजिबात नको, कोमट पाण्यानं धुवायचं आणि मऊ जुन्या सुती कपड्यानं टिपायचं, घासायचं नाही. टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसलं की कळ कमी होते. पावडर, तेल, मलम विचारल्याशिवाय लावू नका, अंगावरच्या शाईच्या खुणा चोळू नका. परकर सुती आणि नाडी सैल, पुरुषांनी लुंगी वापरावी. उकिडवं बसवत नसेल तर कमोडची खुर्ची आणा, रात्री अंथरुणाजवळ ठेवता येते.

जाणं-येणं हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. कुणी भोकरदनहून, कुणी वैजापूरहून संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालयात येतं, धाराशिव-लातूरकडची बरीच मंडळी बार्शीला नर्गिस दत्तला जातात, रोज एसटीनं अपडाऊन करायचं म्हणजे पोट बिघडलेल्या माणसाला शिक्षाच आहे. जमत असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून तरी दवाखान्याजवळ राहायची सोय बघा, धर्मशाळा कुठं आहे ते हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं आणि एसटी-रेल्वेच्या कॅन्सर सवलतीचंही तिथंच विचारा. रोजच यावं लागत असेल तर निघायच्या दोन तास आधी हलकं खा म्हणजे खाल्ल्यावरची घाई घरीच होऊन जाते, दाराजवळची सीट धरा, आणि बसल्या बसल्या मास्तरला सांगून ठेवा की पेशंट आहे, मधे थांबवावं लागेल. मी जितक्यांदा सांगितलं तितक्यांदा गाडी थांबली, कुणी नाही म्हटलं नाही. पिशवीत पाण्याची बाटली, मग, एक जादा परकर, पॅड, प्लास्टिकच्या पिशव्या, ओआरएस आणि फाईल.

आता हे लक्ष देऊन वाचा. ताप 100.4 च्या वर, विशेषतः केमो चालू असताना, पोट फुगून जोरात दुखणं आणि उलट्या, रक्ताच्या गाठी किंवा लाल रक्त, पाणीसुद्धा पोटात न ठरणं, सहा-आठ तास लघवी न होणं, उठलं की चक्कर, यातलं एकही असलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना. गावातल्या डॉक्टरकडं सलाईन लावून घेतलं तरी शेकाच्या दवाखान्यात कळवाच.

आणि शेक मनानं बंद करू नका. "आता शक्ती नाही, पंधरा दिवस विश्रांती घेते" असं म्हणून घरी राहिलेल्या बायका मी बघितल्यात. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा बाहेरचा म्हणजे मशीनचा आणि आतला म्हणजे अंगावाटे नळी ठेवून देतात तो शेक मिळून आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावा लागतो, लांबलं की आजार आवाक्यात येण्याची शक्यता कमी होते. एखाद-दोन दिवस थांबवायचं का हे डॉक्टर ठरवतील, ते कधी कधी थांबवतातही, पण ते त्यांनी ठरवायचं.

संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पोट बसलं की एकेक पदार्थ परत सुरू करा, आधी अर्धी भाकरी, दोन दिवस बघा, मग भाजी, मग डाळी, दूध सगळ्यात शेवटी. काही जणांना सहा महिन्यांनी, वर्षानं, कधी त्याहून उशिरा संडासवाटे रक्त दिसतं किंवा पुन्हा सारखे जुलाब सुरू होतात. अशा वेळी मूळव्याध समजून गावातल्या मूळव्याधवाल्याकडं इंजेक्शन मारून घेऊ नका, क्षारसूत्र करू नका, शेकानं नाजूक झालेल्या जागेवर जखम केली तर ती भरत नाही. ज्या डॉक्टरकडं जाल त्यांना पहिलं वाक्य हेच सांगा की इथं शेक झालेला आहे, आणि शेकाची फाईल कायम सांभाळून ठेवा, तिच्यात किती शेक कुठं दिला ते लिहिलेलं असतं.