कैफियत लिहायला बसण्याआधी

ठाण्यात कोर्ट नाक्यावर किंवा बेलापूरच्या कोर्टात ज्युनिअर म्हणून रुजू झालात की लवकरच सीनिअर दाव्याची नक्कल पुढ्यात टाकून म्हणणार, ‘याची कैफियत काढ.’ कॉलेजात शिकलेलं रिटन स्टेटमेंट, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने दिलेलं लेखी उत्तर, ते हेच. ऑफिसात सगळे त्याला डब्ल्यूएस म्हणतात.

शब्द मूळचा अरबी. ‘कैफ’ म्हणजे ‘कसं’. त्यावरून कैफियत, म्हणजे गोष्ट कशी आहे, कशी घडली याची हकिगत. फारसी कारभाराबरोबर तो मराठीत आला आणि दफ्तरांत रुळला. १८००च्या सुमारास कॉलिन मॅकेन्झीने दक्षिणेतल्या गावोगावच्या ज्या हकिगती जमवल्या, त्यांनाही कैफियतीच म्हणतात. आज वर्तमानपत्रात ‘रहिवाशांनी पाण्याची कैफियत मांडली’ असं वाचलं की ती तक्रार वाटते. कोर्टात मात्र गाऱ्हाणं घेऊन येतो तो वादी, आणि कैफियत देतो तो प्रतिवादी.

नव्या माणसाने मुळातला हा ‘कसं’ धरून ठेवावा. कारण जुन्या फायली पाहून आपण पहिल्यांदा उचलतो ते एकच वाक्य: ‘कलम ३ मधील मजकूर खोटा व खोडसाळ असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ दाव्यातल्या परिच्छेदांना आपल्याकडे कलमं म्हणतात, आणि सगळ्याच कलमांपुढे हेच वाक्य चिकटवलेल्या कैफियती रोज दाखल होतात. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ८ याच्या नेमका उलट सांगतो. प्रत्येक आरोप नेमकेपणाने नाकारा. मोघम नकार चालत नाही, आणि जे नाकारलं नाही ते कबूल समजलं जाऊ शकतं.

समजा, वादी म्हणतो, ‘प्रतिवादीने ५ लाख हातउसने घेतले.’ तुम्ही लिहिलंत, ‘५ लाख घेतले हे खरे नाही.’ मग ४ लाख घेतले होते का? याच आदेशाचा नियम ४ इथेच पकडतो: त्यातली कुठलीच रक्कम घेतली नाही असं म्हणा, नाहीतर किती घेतली ते सांगा. आणि पैसे उसने नसून फ्लॅटच्या व्यवहारातले होते, असं पक्षकाराचं म्हणणं असेल तर ती हकिगत स्वतंत्रपणे लिहा. कैफियतीत नसलेल्या गोष्टीचा पुरावा पुढे देता येत नाही. म्हणून पक्षकाराला आधी बोलू द्यावं, टाइप नंतर करावं. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

‘म्हणणं’ आणि कैफियत यांचा घोळ घालू नका. अर्जावर देतात ते म्हणणं, ज्याला सगळे ‘से’ म्हणतात; कैफियत दाव्याला. निशाणी ५ चा, म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज असेल तर ‘कैफियत हेच निशाणी ५ ला म्हणणे समजावे’ अशी पुरसिस, म्हणजे कोर्टाला छोटं लेखी निवेदन, देऊन बरेचजण मोकळे होतात. साध्या प्रकरणात चालतं, पण मनाईच गळ्याशी आली असेल तर म्हणणं वेगळं लिहिलेलं बरं.

मुदत समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कोर्टाने कारण नोंदवून वाढवली तर ९० पर्यंत. तेव्हा बजावणीची तारीख पक्षकाराच्या आठवणीवर न सोडता समन्स बजावणाऱ्या बेलिफाच्या अहवालात पाहावी. साध्या दिवाणी दाव्यात ९० दिवसांनंतरही अपवाद म्हणून परवानगी मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या निकालात म्हटलं. व्यावसायिक दाव्यात मात्र १२० दिवस उलटले की हक्कच जातो. तुमचा दावा कुठल्या प्रकारातला, ते फाईल हातात आल्या दिवशीच विचारून घ्या. एकदा रोजनाम्यावर, म्हणजे खटल्याच्या तारखेवार नोंदीत, ‘नो डब्ल्यूएस’चा, म्हणजे कैफियतीविनाच दावा पुढे चालवण्याचा, आदेश झाला की तो रद्द करण्याचा अर्ज, उशिराची कारणं आणि बहुधा वर खर्चही पडतो. तो खर्च का भरायचा, हे पक्षकाराला समजावण्याचं काम सीनिअर हमखास ज्युनिअरकडेच देतात.