ओल एकीकडे, गळती दुसरीकडे : घरातील लपलेल्या गळतीचा माग कसा काढावा

भिंतीवर ओलीचा डाग दिसला की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो आणि दुसरा फरशी फोडणाऱ्याला. दोन्ही फोन आठवडाभर थांबू शकतात. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी सरळ खाली येत नाही. स्लॅबचा उतार, काँक्रीटमधील भेगा आणि विजेच्या तारांसाठी टाकलेले पाइप यांच्या आधाराने ते आडवे सरकते आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडते. म्हणून डागाच्या जागेपेक्षा डाग वाढण्याची वेळ अधिक खरे सांगते.

सुरुवातीलाच एक दक्षता घ्यावी. ओल स्विचबोर्डपर्यंत किंवा पंख्याच्या हुकापर्यंत पोहोचली असेल, तर त्या भागाचा एमसीबी बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय तो पुन्हा चालू करू नये. पावसाची सर आली की घरातील आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर पाणी तारांच्या पाइपात शिरत असण्याची शक्यता धरून चालावे.

मग डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तिच्यावर तारीख घालावी आणि पुढचे आठ दिवस सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवावी: डाग रेघेबाहेर गेला का, त्या दिवशी पाऊस होता का, वरच्या मजल्यावर पाण्याचा कोणता वापर झाला. डाग रात्रंदिवस सारखाच ओला राहत असेल, तर संशय दाबाखालच्या नळाच्या लाइनवर घ्यावा. वापरानंतर काही तासांनी वाढून पुन्हा सुकत असेल, तर सांडपाण्याच्या पाइपावर किंवा न्हाणीघराच्या फरशीवर घ्यावा. फक्त पावसाळ्यात येत असेल, तर गच्ची, खिडकीची चौकट किंवा बाहेरची भिंत तपासावी. नाशकात पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येत असल्याने पश्चिमेच्या भिंतीपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. तळमजल्यावर जमिनीलगत दोन-तीन फुटांपर्यंतच ओल चढत असेल, तर ती बहुधा जोत्यातून वर येते आणि तिचा नळाशी काहीच संबंध नसतो.

इंदिरानगरमधील आमच्या फ्लॅटमध्ये या वहीने मोठा खर्च वाचवला. हॉलच्या छताला ओल होती आणि दोन प्लंबरांनी वरच्या घराचे न्हाणीघर फोडण्याचा सल्ला दिला होता. नोंदी पाहता डाग दर आठवड्याला ठरावीक दोन दिवशी फुगत होता, आणि ते वरच्या घरात वॉशिंग मशीन लावण्याचे दिवस निघाले. ड्राय बाल्कनीतील नहाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याचा, जोड सुटलेला होता. न्हाणीघर बिचारे निर्दोष.

दाबाखालच्या लाइनची तपासणी करताना मीटरकडे पाहावे, असा सल्ला सर्वत्र मिळतो. आपल्याकडे तो अर्धाच उपयोगी पडतो, कारण महापालिकेच्या लाइनवरील मीटर साधारणपणे जमिनीखालच्या टाकीच्या अलीकडे असतो आणि घरातील नळांना पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते. म्हणून खरी परीक्षा टाकीची घ्यावी. रात्री पंप आणि टाकीत पाणी आणणारा वाल्व बंद करावा, पाण्याची पातळी खुणेने नोंदवावी, घरात कोणी नळ उघडू नये असे सांगून ठेवावे आणि सकाळी पुन्हा मोजावे. एक मीटर व्यासाच्या उभ्या गोल टाकीत पातळी 1 सेंटिमीटर उतरली, तर सुमारे 8 लिटर पाणी गेले असे समजावे. दुसऱ्या रात्री टाकीतून बाहेर जाणारा वाल्वही बंद करावा. तरीही पातळी उतरत असेल, तर दोष टाकीचाच. पातळी स्थिर राहिली, तर दोष पुढच्या पाइपात किंवा नळांत आहे. सोसायटीत टाकी सामाईक असल्यास हा प्रयोग सर्वांना विचारूनच करावा लागतो, आणि खरे सांगायचे तर सर्वांना एका रात्री नळ बंद ठेवायला लावणे हेच यातील सर्वांत कठीण काम.

पाइप फुटल्याचा निष्कर्ष काढण्याआधी फ्लश टँक मात्र वगळून घ्यावा. टाकीत कपड्यांना घालायच्या निळीचे थोडे द्रावण ओतून अर्धा तास फ्लश करू नये; भांड्यात निळसर पाणी उतरले, तर आतला वाल्व गळतो आहे. हा दोष ना आवाज करतो ना डाग पाडतो, आणि पाणी मात्र दिवसभर जात राहते. फ्लश निर्दोष ठरल्यावर प्लंबरकडून गार आणि गरम पाण्याच्या लाइनची हातपंपाने वेगवेगळी दाब-चाचणी करून घ्यावी. लाइनचे सर्व नळ बंद असताना मापकाचा काटा हळूहळू खाली आला, तर गळती त्याच लाइनीत आहे. त्यानंतर जागा हेरण्यासाठी लाइन दाबाखाली ठेवून रात्रीच्या शांततेत लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक एकेका कॉकवर टेकवावे आणि मूठ कानाशी धरावी. फुसफुस जिथे मोठी, तिथे गळती जवळ. गरम पाण्याच्या लाइनीची गळती अनवाणी चालतानाही कळू शकते, कारण तेवढीच फरशी कोमट लागते.

न्हाणीघराच्या बाबतीत क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी दोन-तीन दिवस ते पूर्ण कोरडे ठेवावे. मग फरशी न भिजवता नळीने थेट नहाणी ट्रॅपमध्ये दोन-तीन बादल्या पाणी सोडावे आणि एक दिवस थांबावे. खाली ओल आली, तर दोष ट्रॅपचा किंवा त्यापुढच्या पाइपाचा. आली नाही, तर ट्रॅपचे तोंड बोळ्याने घट्ट बंद करून फरशीवर बोटभर पाणी चोवीस तास साठवावे आणि त्यात नीळ घालावी. तरीही ओल आली नाही, तर शेवटी भिंतीच्या टाइल्सवर शॉवर सोडावा. एका दिवशी एकच परीक्षा घ्यावी; तिन्ही गोष्टी एकदम केल्या, तर ओल येईल आणि काहीच कळणार नाही.

गच्चीवरही पाणी साठवून पाहता येते, मात्र वजनाचा हिशेब आधी करावा. शंभर चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे 235 किलो. पंचवटी किंवा जुन्या नाशकातील लाकडी तुळयांच्या वाड्यावर, अथवा तडे गेलेल्या स्लॅबवर, हा प्रयोग मुळीच करू नये. तिथे कौले, पन्हळी आणि भिंतीला लागून असलेले जोड डोळ्यांनी तपासावेत आणि पाइपाने एकेका भागावर हळू पाणी सोडून पाहावे.

ओल नेमकी भिंतीतून येते की हवेतील बाष्प थंड भिंतीवर जमते, अशी शंका असेल, तर दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून एक दिवस ठेवावा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला आले, तर पाणी भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला आले, तर खोलीला वारा हवा आहे, प्लंबर नको.

थर्मल कॅमेरा घेऊन येणाऱ्या तंत्रज्ञाकडून अतिअपेक्षा ठेवू नये. तो कॅमेरा पाणी दाखवत नाही, तापमानातील फरक दाखवतो. वर सांगितलेल्या परीक्षांनी शोधाचा परिसर आधीच लहान झाला असेल, तरच त्याचे पैसे वसूल होतात. खालच्या बाजूने छताला वॉटरप्रूफिंगचा लेप देण्यानेही मूळ गळती थांबत नाही. पाणी फक्त दुसरी वाट शोधते.

शेजाऱ्यांशी बोलताना तारखांची वही आणि निळ्या पाण्याचे फोटो हाती असावेत. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार संडास आणि सिंकमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सदस्याने करायची असते, तर गच्चीतून येणारे पावसाचे पाणी आणि बाहेरील सामाईक पाइप सोसायटीकडे येतात. म्हणजे खर्च कोणाचा, हेही गळतीच्या उगमावरच ठरते.

फोडकाम त्यानंतरच, आणि तेही एका टाइलपासून सुरू करावे. दुरुस्ती झाल्यावर जुनीच परीक्षा पुन्हा घ्यावी, भिंत पुरेशी वाळू द्यावी, प्लॅस्टिकचा चौकोन लावून ती कोरडी असल्याची खात्री करावी, पोपडे आणि पांढरा क्षार खरवडून काढावा आणि मगच रंगाऱ्याला बोलवावे.